पान एकशेबारा

दुधाच्या भुकटीचा रिकामा डबा, त्यात बारा चिठ्ठ्या.
महिन्याला एक काढायची,
चिठ्ठी म्हणेल तसलं पुस्तक वाचायचं,
आणि महिनाअखेर एदुविनाच्या चुलीभोवती बसून भांडायचं.
चिलोएच्या पूर्वेला आमचं बेट. माणसं एकशेसाठ,
वाचणारी नऊ.

जानेवारीत निघालं : 'ज्यात कुणीच मरत नाही.'
शोधून शोधून थकलो.
शेवटी सगळ्यांनी पाककृतींची पुस्तकं आणली,
तर एदुविनाने पहिल्याच पानावरचं कोकरू दाखवलं.
फेब्रुवारीत : 'तुमच्या जन्माआधी छापलेलं.'
चौऱ्याऐंशी वर्षांची ओर्तेन्सिया म्हणाली,
मी काय आता शिलालेख वाचू?

वही माझ्याकडे. जाळी शिवणाऱ्याचं अक्षर बारीक.
एका ओळीत नाव, पुस्तक, आणि 'झालं का?' असा रकाना.
खरं सांगतो, माझ्या नावापुढचे दोन्ही 'हो' खोटे आहेत.

मार्चची चिठ्ठी : 'अर्ध्यात सोडलेलं, आता पुरं करा.'
असं काहीतरी प्रत्येकाच्या घरात असतंच.
नोल्बेर्तोने मधमाश्या पाळण्याचं काढलं,
पहिली माशी चावल्या दिवशी मिटलेलं.
शाळेच्या बाई पुस्तकांच्या बोटीवरून
तीच जाडजूड कादंबरी घेऊन गेल्या, आठव्यांदा.
बोटीवरचा पोरगा आता न विचारताच शिक्का मारतो.
आणि ओतिलियाने पिशवीतून काढलं
खाऱ्या ओलीने फुगलेलं एक,
ना मुखपृष्ठ, ना लिहिणाऱ्याचं नाव.
एकशेबाराव्या पानात फेरीचं तिकीट.

'हे मी नाही सोडलेलं,' ती म्हणाली. 'सेगुन्दोने.'

किटली उकळत होती, कुणी उतरवली नाही.
अकरा वर्षं झाली.
शिंपल्यांसाठी बुडी मारायला गेला,
हवेची नळी तेवढी वर आली.

नोल्बेर्तो साल्मनच्या पिंजऱ्यांवरचा रखवालदार,
नियमाचा पक्का.
म्हणाला, म्हणजे 'तुम्ही' सोडलेलं, असा अर्थ आहे त्याचा.
ओर्तेन्सिया म्हणाली, 'तुम्ही' कुठे लिहिलंय, दाखव.
चिठ्ठी हातोहात फिरली,
माते चहाच्या भोपळ्यामागोमाग.
'तुम्ही' नव्हतं.
अक्षर माझंच. मी आढ्याकडे पाहिलं.

मग जुंपली.
ज्याने उघडलं त्याचं पुस्तक,
की जिने अकरा वर्षं झाडून पुसून ठेवलं तिचं?
बाई काहीतरी सुंदर बोलू लागल्या,
एदुविनाने त्यांच्या हातात पाव दिला.

ओतिलिया सगळ्यांचं होईपर्यंत थांबली.
म्हणाली, मी वाचलं. एकशेतेरापासून.
आधीचं वाचायची गरज नव्हती,
ते त्याने सांगितलं होतं मला, दिवा मालवल्यावर,
रोज थोडं, माणसांची नावं चुकवत.
खुनी कोण ते एकशेतीसलाच कळतं.
पुढे नुसतं पाणी घातलंय.
शेवट तर इतका भिकार,
की सेगुन्दोने पुस्तक भिंतीवर फेकलं असतं
आणि उचलायला मला लागलं असतं.

आधी तीच हसली.
आम्ही थोडे उशिरा.

मी रकान्यापाशी पेन धरून बसलो.
'त्याचं नाव लिही,' ती म्हणाली.
मी नोल्बेर्तोकडे पाहिलं.
तो खाकरला, चुलीत एक लाकूड सरकवलं,
म्हणाला, 'आडनावासकट लिही. अर्धवट नको.'
सेगुन्दो नावेल्किन. गुप्तहेरकथा, नाव फाटलेलं.
झालं का? हो.

तिकीट तिने परत एकशेबारातच ठेवलं.

एप्रिलची चिठ्ठी तिनेच काढली : 'पातळ असेल ते.'
सगळ्यांना बरं वाटलं.
बटाटे काढायचे आहेत.